जुनी सेडान घेताना : आधी पासिंग, मग गाडी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सेकंडहँड गाडी शोधणाऱ्यासमोर शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत तीन राज्यांचा बाजार उघडा असतो. केए २२ आणि केए २३ पासिंगच्या, म्हणजे बेळगाव आणि चिकोडीच्या आरटीओत नोंदणी झालेल्या, गाड्या गावातच मिळतात, एमएच ०९ च्या पाहायला कोल्हापूर गाठावे लागते आणि चोर्ला घाट उतरला की गोव्याच्या. एकाच मॉडेलची, एकाच सालाची गाडी या तीन ठिकाणी तीन भावांना निघते आणि कर्नाटक पासिंगची बहुधा सर्वांत महाग असते. मग कोल्हापूरची गाडी पन्नास-साठ हजारांनी स्वस्त दिसली की आपण खूश होतो. मीही झालो होतो. ती गाडी माझ्या नावावर होईपर्यंत वाचलेले सारे पैसे करात आणि हेलपाट्यांत गेले, म्हणून या लेखात इंजिनाच्या आधी पासिंगविषयी लिहीत आहे.

भावातला हा फरक मुख्यतः करामुळे पडतो. पाच ते दहा लाखांच्या नव्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के कर लागतो, तर कर्नाटकात तोच १४ टक्के आणि त्यावर उपकर; दहा लाखांच्या पुढे कर्नाटकाचा दर १७ टक्क्यांवर जातो. हा आजीवन कर पहिल्या मालकाने भरलेला असल्यामुळे तो गाडीच्या किमतीत मुरलेला असतो. परराज्यातली गाडी बेळगावच्या पत्त्यावर आणली की तो कर आपल्याला भरावा लागतो. गाडीच्या वयानुसार त्याची टक्केवारी उतरत जाते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की चार-पाच वर्षांची एमएच गाडी बेळगावकराला सहसा परवडत नाही, आणि आठ-दहा वर्षांची परवडू शकते. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा काही भाग अर्ज करून परत मागता येतो, पण तो पैसा हातात पडेपर्यंत हिशेबात धरू नये. टोकन देण्यापूर्वी गाडीची मूळ किंमत आणि नोंदणीची तारीख घेऊन आरटीओत जावे, कराचा आकडा कागदावर लिहून आणावा आणि तो गाडीच्या भावात मिळवूनच तुलना करावी.

यावर पुष्कळ जण सांगतात, ‘एमएच पासिंग तसंच ठेवा, कोण विचारतंय?’ मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. खरा धोका मात्र दंडाहून मोठा आहे. गाडी जुन्याच मालकाच्या नावावर चालवत राहिलो आणि अपघात झाला, तर विमा कंपनी आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. आणि समोरच्याच्या भरपाईसाठी नोंदणीकृत मालकच जबाबदार धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून शहाणा विक्रेता स्वतःच नाव बदलण्याची घाई करतो. ‘नावाचं नंतर बघू’ म्हणणाऱ्या विक्रेत्याची गाडी पाहायलाही जाऊ नये. शिवाय सीमाप्रश्न तापला की एसटी बंद होते आणि एमएचची पाटी घेऊन हिरेबागेवाडी टोलनाका ओलांडताना घरची माणसे काळजीत पडतात, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

आता कोणती गाडी घ्यावी ते पाहू. सेडान म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली गाडी; परदेशात मोठी सेडान जवळपास पाच मीटरची असते. आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या गाड्यांना करात सवलत असल्यामुळे डिकी कापून आखूड केलेल्या सेडानच जास्त खपल्या, आणि साडेचार मीटरच्या आसपासची मारुतीची सियाझ, होंडाची सिटी किंवा ह्युंदाईची व्हर्ना हीच घरातली मोठी गाडी ठरली. पाच माणसे, लग्नाच्या बॅगा आणि परतताना कोल्हापूरहून आणलेली गुळाची ढेप एवढे सगळे सामावायचे असेल तर या गाड्यांना पर्याय नाही. सियाझ आणि चौथ्या पिढीची सिटी या दोन्हींची डिकी ५१० लिटरची आहे, टोयोटाच्या इटिऑसची तर ५९५ लिटरची. चार-पाच लाखांच्या बजेटात मी पेट्रोल सियाझ किंवा पेट्रोल सिटी आधी पाहीन. त्याहून ऐसपैस हवी असेल तर टोयोटाचीच जुनी कोरोला आल्टिस पाहावी. याच पैशांत स्कोडाची जुनी सुपर्ब किंवा ऑक्टाव्हिया मिळते आणि तिच्यात बसल्यावर मोह होतोच. परंतु गाडी जुनी झाली तरी सुट्या भागांचे भाव बड्या गाडीचेच राहतात आणि ऑटोमॅटिक डीएसजी गिअरबॉक्सचे एकच काम गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊन टाकते. शेव्हरोलेने भारतातील विक्री २०१७ मध्ये थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, त्यामुळे त्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात. मात्र भाग कोठून येणार याची चौकशी आपल्या मिस्त्रीकडे आधी करावी.

डिझेलचा हट्ट बहुतेकांनी सोडावा. महिन्याला सात-आठशे किलोमीटर चालवणाऱ्याने डिझेल गाडीत वाचवलेले पैसे एका इंजेक्टरच्या किंवा टर्बोच्या कामात जातात. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या दक्षिणेकडे येऊ लागल्या, हेही ध्यानात असावे. पेट्रोल गाडी २०२३ पूर्वीची असेल तर ती २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेली नसण्याची शक्यता असते. अशा गाडीचे इंधनाचे रबरी पाइप मिस्त्रीला जवळून पाहायला सांगावेत.

सोयरीक जुळवताना आपण जशी माहेरची चौकशी करतो, तशी गाडी आजवर कोठे राहिली याची चौकशी करावी. आपल्या भागात या चौकशीला फार महत्त्व आहे, कारण ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर. त्या वेळी सांगली, कोल्हापूर, चिकोडी, गोकाक या बाजूंच्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. बुडालेल्या गाडीचे इंजिन दुरुस्त होते, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेले पाणी तीन-चार वर्षे त्रास देत राहते : कधी काच खाली येत नाही, कधी एअरबॅगचा दिवा पेटतो.

अशी गाडी मी एकदा अगदी जवळून पाहिली आहे. रंग चकाचक, सीट कव्हर नवे, आत सुगंधी डबी ठेवलेली आणि मीटरवर अवघे बेचाळीस हजार किलोमीटर. मिस्त्रीने बॉनेटला हातही लावला नाही. मागच्या सीटचा पट्टा तो शेवटपर्यंत ओढत गेला. एरवी कधीच बाहेर न येणाऱ्या शेवटच्या हातभर पट्टीवर चहाच्या कपात राहतो तसा आडवा डाग होता. त्यानंतर त्याने स्टेपनी बाहेर काढली आणि खालच्या खोबणीतल्या रबरी बुचाभोवती नख फिरवले. नखात काळसर, मेणासारखा गाळ आला. बेळगाव-खानापूरची तांबडी धूळ तर आपल्या प्रत्येक गाडीत असते, पण ती वर-वर बसते. बुचाच्या कडेत शिरलेला काळा गाळ नदीकाठच्या काळ्या रानाचा असतो. आम्ही विक्रेत्याला नमस्कार करून निघालो. त्याने आणखी चाळीस हजार कमी करतो म्हणून हाक मारली, तेव्हा मिस्त्रीने मागे वळूनही पाहिले नाही.

गोव्याच्या गाडीची गोष्ट वेगळी. तिचे रनिंग बहुधा कमी असते आणि ती नीट ठेवलेली असते, पण खारी हवा तिला खालून खाते. गाडी रॅम्पवर चढवून दरवाज्यांच्या खालच्या कडा, सायलेन्सरच्या पकडी आणि पुढच्या सस्पेन्शनची बैठक पाहिल्याशिवाय गोव्याच्या गाडीचा भाव करू नये.

पुण्या-मुंबईच्या गाडीत मीटर मागे फिरवले आहे का, हा पहिला संशय घ्यावा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा इतिहास विक्रेत्याकडून मागावा आणि त्यातले किलोमीटर तारखेनुसार वाढत गेले आहेत का ते पाहावे. क्लच-ब्रेकच्या पॅडलचे रबर गुळगुळीत झाले असेल आणि मीटर चाळीस हजार दाखवत असेल, तर मीटरपेक्षा रबरावर विश्वास ठेवावा. टायरच्या बाजूवर चार आकड्यांत निर्मितीचा आठवडा आणि साल असते; ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि ‘आम्ही येईपर्यंत सुरू करू नका’ असे आदल्या दिवशीच सांगावे. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावा. ते कोमट लागले तर थंड इंजिनाचा काही दोष लपवायचा होता असे समजावे. गाडी सुरू असताना मिस्त्री ऑइलचे झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे झिजलेल्या इंजिनातून उलटा येणारा दाब, पाहतो. तिथून भसाभसा धूर येत असेल तर पुढे काही तपासण्यात अर्थ नाही. मडगार्ड आणि बॉनेट यांच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे दिसले तर गाडी ठोकलेली असू शकते. डेंटिंग-पेंटिंग झालेली गाडी घेऊच नये असे माझे म्हणणे नाही, आपल्या रस्त्यांवर ओरखडा नसलेली गाडी शोधून सापडायची नाही. पण पिलर (छत पेलणारे खांब) किंवा चासीस (खालचा सांगाडा) यांना मार लागला असेल तर ती घेऊ नये. मिस्त्री आपला असावा आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे आपण द्यावेत. ‘एजंटच देईल काहीतरी’ म्हणून फुकट आलेला मिस्त्री एजंटचाच असतो.

ट्रायल गावात घेऊन उपयोग नाही. काकतीच्या पुढे वंटमुरीच्या घाटात जावे आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही असे झाले तर क्लच प्लेट संपली. येताना एसी पूर्ण चालू ठेवून तापमानाचा काटा पाहावा. दुसरी चाचणी घरच्या माणसांना घेऊन करावी : पाचही जण बसवून एखाद्या खेड्यातल्या अवाढव्य स्पीडब्रेकरवरून गाडी काढावी. रिकामी असताना अडथळे सहज ओलांडणारी सेडान माणसे बसल्यावर पोट घासते, आणि मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसलेले असतील तर तो आवाज विक्रेत्यालाही लपवता येत नाही.

गाडी पसंत पडली की कागद. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून कितवा मालक, विमा, फिटनेस आणि कर्जाचा बोजा पाहावा. बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ यांखेरीज पुढे जाऊ नये. ई-चलानही तपासावीत. गाडी कर्नाटकातलीच असेल तर नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० यांवर काम भागते. परराज्यातली असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, आधी हवी आणि मग इथे नव्या नंबरसाठी फॉर्म २७ भरावा लागतो. एनओसी विक्रेत्याने काढून द्यायची, हे टोकनच्या पावतीवरच लिहून घ्यावे. टोकन पाच-दहा हजारांहून जास्त देऊ नये आणि मोठी रक्कम बँकेतूनच द्यावी. पंधरा वर्षांच्या जवळ आलेली गाडी असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाचे किमान पाच हजार रुपये शुल्क आणि तपासणीत निघणारी कामे भावातून आधीच वजा करावीत.

भाव करताना एकूण बजेटाचा सहावा-सातवा हिस्सा बाजूला काढून ठेवावा आणि तो नाही असेच समजावे, कारण टायर, बॅटरी, विमा आणि पहिली सर्व्हिस त्यातूनच होणार असते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला, त्यामुळे जुन्या भावाचा कागद दाखवणाऱ्या विक्रेत्याला त्याच मॉडेलचा, ते बंद झाले असेल तर त्याच वर्गातल्या गाडीचा, आजचा नवा भाव दाखवावा.

ताबा घेताना दिनांकाबरोबर वेळही लिहिलेली पावती दोघांच्या सह्यांनिशी करावी, म्हणजे त्याआधीचे चलान कोणाचे यावर वाद राहत नाही. जुन्या मालकाचा फास्टॅग काचेवरून काढून आपल्या नावाचा घ्यावा. विमा हस्तांतराचा अर्ज चौदा दिवसांच्या आत द्यावा. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, विक्रेत्याचा असतो, तो आपल्याला मिळत नाही, म्हणून हप्त्यात थोडी वाढ होईल. एजंटाने ‘काम झालं’ असा फोन केला तरी त्याचा शेवटचा हप्ता लगेच देऊ नये. अ‍ॅपवर मालकाच्या रकान्यात आपले नाव दिसले, की मग द्यावा.