पांढऱ्या कपाचे आठ दिवस

माझा हात फार लवकर बसला आणि त्यातच माझं नुकसान झालं. समोरचा चेहरा दहा मिनिटांत कागदावर हुबेहूब उतरायचा, लोक वाहवा करायचे. त्यामुळे नीट बघायची गरजच वाटेना. डोळा कसा असतो, पान कसं असतं, हे पाठ झालं होतं आणि मी ते पाठ केलेलंच काढत होतो.

एका ज्येष्ठ चित्रकारांनी हे ओळखलं. त्यांनी खिडकीपाशी पांढऱ्या कापडावर एक पांढरा कप ठेवला आणि म्हणाले, "आठ दिवस हाच." पहिल्या दिवशी मी काळा रंग पातळ करून सावली दिली आणि अर्ध्या तासात उठलो. चित्र मेलेलं होतं. चौथ्या दिवशी सावलीतला रंग दिसू लागला. खिडकीच्या उजेडाने तिची कड निळसर झाली होती. कपाच्या पोटाखाली मात्र कापडावरून परतलेला उजेड पडत होता आणि तिथे सावली उबदार, जवळजवळ पिवळसर होती. आठव्या दिवशी अख्ख्या चित्रात कोरा कागद उरला तो फक्त कपाच्या काठावर, तांदळाच्या दाण्याएवढा. तेवढाच कप खरा पांढरा होता.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची पंचवीसेक चित्रं केली. त्याला दुसरे विषय सुचत नव्हते की काय, असं मला आधी वाटायचं. गंजी त्याच होत्या, बदलत होता तो उजेड, हे मला त्या कपानंतर कळलं.

म्हणून नवीन मुलांना मी सांगतो, शैलीची काळजी आत्ता नको. डोळे बारीक करून बघा, म्हणजे तपशील विरतात आणि गडद-फिकटाचे मोठे आकार उरतात. ते आधी पेन्सिलीने छोट्या चौकटीत गडद, मधला, फिकट अशा तीनच टोनमध्ये मांडा. तिथे चित्र उभं राहिलं नाही तर रंग त्याला वाचवत नाही. जलरंग वाळल्यावर फिकट होतो, तेव्हा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, मन धजेल त्याहून थोडा गडदच द्या. आणि अर्धवट ओल्या वॉशला हात लावू नका.

रंगांची माहिती मात्र मी फार उशिरा करून घेतली, त्याची खंत आहे. बहिणीला दिलेलं एक फुलांचं चित्र खिडकीसमोर टांगलेलं होतं. काही वर्षांनी पाहिलं तर गुलाबी फुलांच्या जागी मळकट डाग उरले होते. त्यात वापरलेला अलिझरिन क्रिमझन हा लाल रंग उजेडात उडतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ट्यूब घेताना मी आधी रंगद्रव्याचा क्रमांक बघतो. पीआर ८३, म्हणजे तोच अलिझरिन, असेल तर परत ठेवतो.

मधली काही वर्षं मी फक्त मागणीप्रमाणे व्यक्तिचित्रं केली. त्यावर घर चाललं आणि त्यात कमीपणा नाही. पण एका सकाळी लक्षात आलं की समोरच्या माणसाकडे न बघताच मी नाक काढतोय. त्या आठवड्यात पुन्हा खिडकीपाशी कप ठेवला.

अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. तेवढा धीर माझ्यात नाही, पण एक सवय मी लावून घेतली आहे. पूर्ण झालेलं चित्र पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवायचं, मग उलटं धरून बघायचं. कुठे तोल गेलाय, कुठली कड उगाच ओरडतेय, ते तेव्हा दिसतं. गेल्या महिन्यातली दोन अजून तशीच टेकून उभी आहेत.