नवरा डायलिसिसवर आणि आपली नोकरी फुलटाइम, कसं जमवायचं

सगळ्यात आधी, नोकरी सोडायची घाई करू नका. नातेवाईक म्हणतील आता घरी बस, त्याच्याकडे बघ, पण ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये नवऱ्याचं नाव असेल तर त्याचं डायलिसिस तीच नोकरी चालवतेय, आणि किडनी गेल्यावर बाहेर नवी पॉलिसी मिळणं महाकठीण. डायलिसिस डे-केअरमध्ये (रात्रभर अ‍ॅडमिट न होता घेतलेले उपचार) धरतात का, कॅशलेस आहे का, वर्षाची लिमिट किती, हे एचआरला मेलवर विचारा, तोंडी नको.

मग स्लॉट. बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं, दर वेळी साधारण 4 तास, वर जाणं-येणं. सेंटरला सकाळची पहिली शिफ्ट मागा, नसेल तर वेटिंगला नाव टाका आणि टेक्निशियनच्या मागे लागा, कारण पहिली शिफ्ट मिळाली की त्याला सोडून तसंच ऑफिस गाठता येतं. आणि लोक काय करतात, सोडायला चार जण जातात, आणायला कोणी नाही! खरी गरज आणायलाच असते, मशिनवरून उठल्यावर बीपी पडतं, पायात गोळे येतात, माणूस पार गळून गेलेला असतो. दीर, शेजारी, ओळखीचा रिक्षावाला, कोणीतरी पक्कं ठरवून ठेवा.

बॉसला "घरी प्रॉब्लेम आहे, जरा सांभाळून घ्या" एवढंच सांगून काही होत नाही, चार दिवस सहानुभूती मिळते आणि मग कटकट सुरू. सरळ सांगायचं, मंगळवार-गुरुवार-शनिवार मी 11 ला येणार, संध्याकाळी तेवढी जास्त थांबणार, माझ्या मीटिंगा दुपारी लावा. प्रायव्हेटमध्ये जोडीदाराच्या आजारपणाची अशी वेगळी कायदेशीर रजा आपल्याकडे नाही, म्हणून रोजच्या धावपळीत सुट्ट्या उडवू नका, फिस्टुलाचं (डायलिसिसची सुई टोचायला हातात नस जोडून केलेली जागा) ऑपरेशन, इन्फेक्शन झालं, अ‍ॅडमिट करावं लागलं, तेव्हा लागतात.

स्वयंपाकाचं म्हणाल तर डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसाचं पाणी सकाळीच बाटलीत भरून ठेवा, आणि चहा-आमटी-ताक प्यायलं की तेवढं त्यातून कमी. बटाट्यासारख्या भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकायचं, पोटॅशियम कमी होतं (किडनी चालत नसली की ते रक्तात साठतं). मंगळवार-गुरुवार-शनिवार डायलिसिस असेल तर शनिवार ते मंगळवार ही मधली मोठी गॅप असते, तेव्हा जास्त सांभाळा, नेमकं रविवारीच पाहुणे शहाळं घेऊन हजर होतात (पोटॅशियमचा नुसता साठा!). त्यांना आधीच सांगा, शहाळं नको, गुरुवारी ह्यांना आणायला याल का.

पैशाचं पटकन सांगते. जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर इन्कम टॅक्सच्या 80डीडीबी कलमाखाली (1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यात कलम 128) क्रॉनिक रीनल फेल्युअरच्या, म्हणजे किडनी कायमची निकामी झाल्याच्या, खर्चावर 40,000 पर्यंत वजावट आहे, पेशंटचं वय 60 किंवा जास्त असेल तर 1 लाख, विम्याचे मिळालेले पैसे त्यातून वजा, आणि स्पेशालिस्टचं प्रिस्क्रिप्शन हवं. पीएफमधूनही जोडीदाराच्या आजारपणासाठी अ‍ॅडव्हान्स निघतो. विमाच नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसणारं हॉस्पिटल शोधा.

आणि तुम्ही ऑफिसात असताना काय, तर फिस्टुलाची थरथर रोज सकाळी नवऱ्यालाच हात लावून बघायला शिकवा, त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, भाजीची जड पिशवीपण नाही. थरथर लागली नाही, दम लागला किंवा आडवं झोपता येईना, तर तुमची मीटिंग संपायची वाट न बघता त्याने आधी सेंटरला फोन करायचा, मग तुम्हाला.