बासरीला श्वास द्या

संगणकावर लिहून वाजवलेल्या माझ्या पहिल्या बासरीच्या तुकड्यात वादक सलग बावीस मात्रा श्वासच घेत नव्हता. ऐकून बायको म्हणाली, "अहो, हा माणूस आहे की प्रेशर कुकर?"

तेव्हापासून मी म्यूझस्कोअरमध्ये (नोटेशन लिहून ते वाजवून दाखवणारा संगणक प्रोग्राम) नोटेशन लिहिताना आधी ती ओळ स्वतः गुणगुणतो. जिथे मला दम लागतो, तिथला शेवटचा स्वर अर्धा करून उरलेल्या जागेत विराम टाकतो. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

व्हायोलिनची गोष्ट वेगळी, तिथे प्रश्न गजाचा. स्लरखाली, म्हणजे स्वर जोडणाऱ्या कमानीखाली आलेले स्वर एका गजात वाजतात. स्लर नसेल तर प्रत्येक स्वराला गज फिरतो. स्लर न देता लिहिलेली संथ धून करवतीसारखी ऐकू येते. एका दमात आठ-दहा मात्रांचा स्लर मात्र ओढू नका, जोरात वाजवायचं असेल तर गज लवकर संपतो.

लयही थोडी हलू द्या. मी मिनिटाला ७२ मात्रांच्या लयीत ओळ संपताना ६९ लिहितो, पुढच्या ओळीला पुन्हा ७२. लयीची ही खूण निवडून 'व्ही' दाबली की छापील कागदावर दिसत नाही, पण वाजताना पाळली जाते.

वाद्यांच्या आवाजाच्या फाइल्स कुठून घ्यायच्या? म्यूझस्कोअरच्या चौथ्या आवृत्तीबरोबर म्यूझ साउंड्स हे आवाज फुकट मिळतात, ते घ्या. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, सगळ्यात शेवटी आणि चिमूटभरच. जास्त झाला की वादकांची चौकडी विहिरीत बसून वाजवतेय असं वाटतं.