पाळीव पक्ष्याचे अंडे अडकल्यास काय करावे

पोटात तयार झालेले अंडे मादीला बाहेर टाकता येत नाही, तेव्हा अंडे अडकले असे म्हणतात. बजरीगार, कॉकाटील, लव्हबर्ड, फिंच आणि कॅनरी या लहान पक्ष्यांमध्ये हे अधिक आढळते. नर जवळ नसला तरी मादी अंडी घालते, त्यामुळे पिंजऱ्यात एकटी असलेली मादीही यातून सुटत नाही.

हा आजार तातडीचा आहे. अडकलेल्या अंड्याचा दाब मूत्रपिंडांवर, तेथील रक्तवाहिन्यांवर आणि पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर पडतो. श्वासाला जागा कमी पडते, विष्ठा अडते, आणि लहान पक्षी काही तासांतच कोलमडू शकतो. अंडे आत फुटले तर पोटात जंतुसंसर्ग होतो, तर सतत जोर लावल्याने अंडवाहिनीचा, म्हणजे अंडे ज्या नळीतून बाहेर येते तिचा, भाग बाहेर येऊ शकतो.

त्यामुळे लक्षणे वेळीच ओळखता येणे महत्त्वाचे आहे. मादी दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुगवून बसते, पाय फाकवून उभी राहते, जोर लावताना तिची शेपटी श्वासाबरोबर वरखाली होते आणि पोटाचा खालचा भाग फुगलेला दिसतो. एखादा पाय लंगडू लागला तर तो मोडला असेल असे समजून वेळ घालवू नये, कारण मज्जातंतू दबल्यानेही असे होते. आजारी पक्षी आपली दुर्बलता लपवतो. म्हणून तो तळाशी बसलेला दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो.

अशा वेळी प्रथम पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाला फोन करावा. निघेपर्यंत मादीला लहान, अंधाऱ्या आणि शांत खोक्यात मऊ कापडावर ठेवावे आणि आतली हवा सुमारे ३० अंश सेल्सिअस उबदार व थोडी दमट राहील असे पाहावे. खोक्याची एकच बाजू गरम करावी, म्हणजे उष्णता जास्त झाल्यास तिला सरकता येईल. चोच उघडी ठेवून ती धापा टाकू लागली तर ऊब लगेच कमी करावी. पाणी जवळ ठेवावे, पण चोचीत ओतू नये. मात्र ऊब देणे हा उपचार नव्हे, आणि ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणून थांबणे धोक्याचे आहे.

पोट चोळणे, अंडे दाबून बाहेर काढणे किंवा मुद्दाम फोडणे हे कधीही करू नये. अंडे आत फुटले तर कवचाच्या धारदार तुकड्यांनी अंडवाहिनी फाटते, आणि आधीच थकलेला पक्षी हाताळण्याच्या धक्क्यानेही मरू शकतो. तेल लावण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, परंतु तेलाने अंडे सुटत नाही. उलट पिसे चिकटून पक्षी गारठतो. पशुवैद्यक एक्स-रे काढून अंड्याची स्थिती पाहतात, कॅल्शियम आणि द्रव देतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर भूल देऊन अंडे काढतात किंवा सुईने त्यातील द्रव शोषून ते लहान करतात. शस्त्रक्रियेची वेळ शेवटी येते.

कॅल्शियमची कमतरता हे याचे एक मोठे कारण आहे. अंडवाहिनीच्या स्नायूंना आकुंचनासाठी ते लागते आणि कवचही त्याचेच बनते. केवळ बियांवर वाढलेल्या मादीला ते पुरेसे मिळत नाही. म्हणून पेलेट (पक्ष्यांसाठी तयार मिळणारे गोळीखाद्य), हिरवी पालेभाजी आणि समुद्रफेस (कटलफिशचे कॅल्शियमयुक्त कवच) यांची जोड आहाराला द्यावी, आणि खिडकीच्या काचेतून नव्हे तर थेट येणारे कोवळे ऊन मिळू द्यावे, कारण काच ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण अडवते. वारंवार अंडी घालणाऱ्या मादीच्या पिंजऱ्यातून घरट्याची पेटी काढावी, रात्रीचा अंधार बारा तासांहून अधिक ठेवावा आणि पाठीवरून हात फिरवणे टाळावे. घातलेली अंडी मात्र लगेच उचलू नयेत. अंडे नाहीसे झाले की त्याच्या जागी ती दुसरे घालते, म्हणून तिचे लक्ष उडेपर्यंत ती तिच्याजवळच राहू द्यावीत.