पायॉनांवरून स्रोताची त्रिज्या काढताना माध्य क्षेत्रातील अपवर्तन कसे विचारात घ्यावे

अणुकेंद्रांच्या टकरीतून निघणाऱ्या दोन समान पायॉनांच्या (प्रबल बल जाणवणाऱ्या हलक्या कणांच्या) संवेगांत फार थोडा फरक असेल, तर ते एकत्र सापडण्याची शक्यता वाढते. ही वाढ किती संवेगफरकापर्यंत टिकते यावरून स्रोताचा आकार काढतात. 5 फेम्टोमीटरच्या स्रोतासाठी ती मर्यादा सुमारे 40 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट येते (येथे संवेग ऊर्जेच्या एककांत मोजला आहे). नेहमीच्या विश्लेषणात पायॉन सरळ रेषेत डिटेक्टरपर्यंत पोहोचतो असे मानलेले असते. प्रत्यक्षात बाहेर पडताना त्याला भोवतालच्या द्रव्याचे सरासरी बल, म्हणजेच माध्य क्षेत्र, जाणवते आणि प्रकाशाच्या अपवर्तनासारखा त्याचा मार्ग वाकतो.

सुरुवात हातगणिताने करावी. क्षेत्र स्थिर असेल तर पायॉनची ऊर्जा कायम राहते आणि संवेग बदलतो. आकर्षक क्षेत्रामुळे आतील संवेगाचा वर्ग बाहेरच्यापेक्षा 100 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर्गाइतका जास्त आहे, असे उदाहरणापुरते धरा. बाहेर 100 असलेल्या पायॉनचा आतील संवेग 141, म्हणजे अपवर्तनांक (आतील आणि बाहेरील संवेगांचे गुणोत्तर) 1.41, बाहेर 500 असलेल्याचा आतील 510, म्हणजे अपवर्तनांक केवळ 1.02. म्हणून हा परिणाम आधी मंद पायॉनांत शोधावा.

त्यानंतर दिशा वेगळ्या कराव्यात. ‘साइड’ त्रिज्या (पायॉन-जोडीच्या गतीला आडव्या दिशेतली) आकर्षक क्षेत्रात वाढते, जशी पाण्याने भरलेल्या गोल भांड्यातली वस्तू बाहेरून मोठी दिसते. मात्र ही वाढ क्षेत्राच्या कडेपलीकडे जाऊ शकत नाही. ‘आउट’ त्रिज्येचा (जोडीच्या गतीच्या दिशेतली) अवकाशीय भाग उलट आक्रसतो, कारण बाहेर पडताना पायॉन मंदावतात आणि मागचा पुढच्याच्या जवळ येतो. वरील उदाहरणातील 100 च्या पायॉनसाठी हा भाग सुमारे 0.71 पट होतो, पण उत्सर्जनाच्या कालावधीमुळे येणारा भाग तसा आक्रसत नाही. प्रतिकर्षी क्षेत्रात दोन्ही परिणाम उलटतात.

येथेच मोह आवरावा लागतो. अमेरिकेतील ब्रुकहेवनच्या ‘रिक’ या जड अणुकेंद्रांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रावर 2000 नंतर ‘आउट’ आणि ‘साइड’ यांचे गुणोत्तर 1 च्या आसपास मिळाले, तर टकरीतील द्रव्य द्रवासारखे वाहते असे मानणाऱ्या त्या वेळच्या द्रवगतिकी प्रतिमानांचे भाकीत बरेच जास्त होते. आकर्षक क्षेत्र हे गुणोत्तर कमी करते, म्हणून त्यात उत्तर शोधले गेले. परंतु लवकर सुरू होणारा प्रवाह, अधिक ताठ अवस्था-समीकरण (दाब आणि घनता यांचा संबंध) आणि श्यानता (प्रवाहातील अंतर्गत घर्षण) यांच्या एकत्रित परिणामानेही तफावत बरीच भरून निघते, हे पुढे दिसले. तेव्हा केवळ त्रिज्या जुळाव्यात म्हणून क्षेत्राची खोली ठरवू नये. तीच खोली एका पायॉनच्या संवेग-वर्णपटालाही लागू पडली पाहिजे, आणि द्रव्यातील शोषण हिशेबात एकदाच धरलेले असले पाहिजे.

स्थिर क्षेत्राचे गृहीतकही तपासावे, आणि माझ्या मते सर्वाधिक श्रम येथेच घालावेत. टकरीतील द्रव्य अवघ्या काही फेम्टोमीटर भागिले प्रकाशवेग एवढ्या काळात विरळ होते. संपूर्ण क्षेत्र सर्वत्र एकाच वेळी नाहीसे झाले, तर कायम राहतो तो संवेग, ऊर्जा नव्हे, आणि मार्ग मुळीच वाकत नाही. खरी स्थिती या दोन टोकांमध्ये असते. म्हणून स्थिर क्षेत्राचे उत्तर अपवर्तनाची वरची मर्यादा समजून कालानुसार क्षीण होणाऱ्या विभवासाठी (क्षेत्रासाठी) क्लाइन-गॉर्डन समीकरण, म्हणजे पायॉनसारख्या कणांचे सापेक्षतावादी तरंगसमीकरण, सोडवावे आणि सरळ जाणाऱ्या पायॉनचे वर्णन करणाऱ्या समतल तरंगांच्या जागी त्यातून मिळणारी विकृत तरंगफलने वापरावीत.

शेवटची कसोटी विद्युतभाराची आहे. प्रोटॉनांचा एकत्रित धनभार ऋण पायॉनांना ओढतो आणि धन पायॉनांना ढकलतो. जर्मनीतील डार्मस्टाटच्या ‘हेडिस’ प्रयोगात सोन्याच्या अणुकेंद्रांच्या टकरींमध्ये, प्रतिन्यूक्लिऑन (प्रत्येक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) 1.23 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला, मंद ऋण पायॉनांची ‘साइड’ त्रिज्या धन पायॉनांपेक्षा मोठी आढळली. आपल्या गणिताने आधी विद्युतक्षेत्रातून येणारा हा फरक योग्य दिशेने आणि मंद पायॉनांतच दाखवावा; त्यानंतरच प्रबल बलाचे क्षेत्र त्यात मिळवावे.