फोन ठेवण्याआधी ऐकलेलं परत म्हणा

फोनवर काही ठरलं की ठेवण्याआधी ऐकलेलं आपल्या तोंडाने एकदा परत म्हणा. "म्हणजे दादा, गुरुवारी, १४ तारखेला, सकाळी साडेसातला, जेवणाची एकोणसाठ पानं. पाचावर नऊ. बरोबर ना?" वीस सेकंदही लागत नाहीत.

आपल्या मराठीत याची गरज जरा जास्तच आहे. 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. एकोणसाठ आणि एकोणसत्तर घाईत सारखेच ऐकू येतात, म्हणून मोबाईल नंबर सांगताना एकेक आकडा सुटा सांगावा. आमच्याकडच्या बारशाला मी आचाऱ्याला फक्त "साडेसातला या" म्हटलं होतं. ते आले संध्याकाळी! सकाळी पाहुणे दारात आणि ओट्यावर नुसता चहा. चूक माझीच होती, 'सकाळी' हा एक शब्द मी गिळला होता.

विमानाचे पायलटसुद्धा कंट्रोल टॉवरकडून आलेली उंची किंवा धावपट्टीचा क्रमांक शब्दशः परत म्हणून दाखवतात, आणि तो बरोबर आहे ना हे टॉवरवाले ऐकून घेतात.

ऑफिसात साहेबांना हे उलटतपासणीसारखं वाटेल अशी भीती असेल, तर सुरुवात स्वतःपासून करा: "मी नीट लिहून घेतलंय का बघा हं." कुणी चिडत नाही. आणि समोरचा नुसतं "बघतो" म्हणाला, तर तो होकार धरू नका. "मग शुक्रवारी दुपारी फोन करू?" असं तिथल्या तिथे विचारून घ्या.