रेसिंग करणाऱ्या पोरांनो आणि त्यांच्या बाबांनो, शाळेच्या बाबतीत या चुका टाळा

मुंबईत बाइक रेसिंगचा ट्रॅक नाही. चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइंबतूरचं कारी गाठावं लागतं. चेन्नईची ट्रेन जवळजवळ अख्खा दिवस खाते, म्हणजे एका रेसमागे शाळेचे चार-पाच दिवस जातात. हा हिशेब जूनमध्ये कुणी मांडत नाही. मग सहामाही आणि रेस एकाच आठवड्यात आली की पालक माझ्या गॅरेजवर धावत येतात. शाळेचं आणि रेसचं वेळापत्रक कपाटाच्या दारावर शेजारी-शेजारी चिकटवा.

सगळ्यांत वाईट चूक म्हणजे एक पोडियम मिळाला, म्हणजे पहिल्या तिघांत नंबर आला, की कॉलेज सोडणं. भांडुपचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. नवख्यांच्या गटात तिसरा आला आणि वडिलांनी त्याचं नाव अकरावी सायन्समधून काढलं. "भाऊ, आता फुलटाइम रेसिंग." मी म्हटलं, "अहो, बारावी तरी होऊ द्या." ऐकलं नाही. पुढच्याच सरावात पोराची कॉलरबोन मोडली. हाड जुळलं, पण मोसम गेला, गाडी देणारी टीमही गेली. शेवटी बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरून त्याने कॉमर्सने बारावी दिली. या पोराला सस्पेन्शन उघडून बसायला मनापासून आवडायचं. इंजिनियरिंगला गेला असता तर रायडर म्हणून नाही तरी टीममध्ये राहिला असता. याचा मला आजही राग येतो.

आणि घाई कशासाठी? २०२१मध्ये किशोरवयीन रायडर ट्रॅकवर जिवानिशी गेले, त्यानंतर ग्रां प्रीचं, म्हणजे बाइकच्या जागतिक स्पर्धेचं, किमान वयच २०२३पासून १८ केलं. २०२३च्याच ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर आपल्याकडचा १३ वर्षांचा रायडर अपघातात दगावला. बारावी होईपर्यंत कुठलीही संधी पळून जात नाही.

दुसरी चूक म्हणजे ट्रॅक परवडत नाही म्हणून रात्री नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर 'सराव'. तो सराव नव्हे. गिअरच्या गाडीचं लायसन्स १८शिवाय मिळत नाही. अल्पवयीन मुलगा पकडला गेला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. त्यापेक्षा शाळेआधी पोहायला जा, सायकल चालवा. दमसास नसलेला पोरगा शेवटच्या लॅप्समध्येच पडतो.

खोटं मेडिकल सर्टिफिकेट देऊन रजा घेऊ नका, फोटो इन्स्टावर दिसतातच. रेसिंग लायसन्सची झेरॉक्स जोडून मुख्याध्यापकांना सरळ पत्र द्या आणि हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका.

दहावीच्या वर्षी मोठ्या सीसीची गाडी नको.

बोर्डाआधी दोन महिने ट्रॅक बंद. उजवं मनगट मोडलं तर पेपर कोण लिहिणार?

ट्रेनमध्ये जाताना गणित करून घ्या, येताना झोपू द्या. डोकं आपटलं असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत पुस्तकही नको, मोबाइलही नको.

शाळा काही केल्या जुळवून घेत नसेल तर एनआयओएस, म्हणजे घरी अभ्यास करून परीक्षा देता येणारं सरकारी मुक्त विद्यालय, आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि नोंदणी पाच वर्षं चालते. पण आपणहून पुस्तक उघडणाऱ्या मुलानेच तिकडे जावं. प्रवेशाआधी रेसच्या तारखा पाहून घ्या, कारण त्यांची ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा रेसच्या तारखांवर येऊ शकते.